पिवळ्या कॅनमध्ये काय होतं

गोरेगाव
जि. गोंदिया, ७ डिसेंबर २०२४

बकाराम शिवणकर यास,

रामराम. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. धान घरात आलं, बांधावरची तूर यंदा बरी आहे. रुक्माची कंबर थंडीने पुन्हा धरली आहे, पण बाई काम सोडत नाही. तुझी तब्येत सुधारत असेल अशी आशा आहे.

हे लिहायची रीत म्हणून लिहिलं. आता मुद्द्यावर येतो.

तुझ्या घरी सात वेळा फोन लावला. सातही वेळा तुझ्या भूपेंद्रने उचलला आणि शेवटी म्हणाला, "काका, बाबा तुमच्यासंग बोलत नाहीत, तुम्ही कायले फोन लावून राहिले?" म्हणून हे पत्र. पत्र लिहायला मला जड जात नाही. गुवाहाटीहून, सिलीगुडीहून तुझ्या घरी जी पत्रं यायची ती माझ्या हातची होती. तू बाजूला बसून बिडी ओढत "लिही, बरा आहो म्हनून" एवढंच सांगायचास. बाकीची माया माझ्या पदरची. शकुंतलावहिनी माझं अक्षर अजून ओळखतील.

तुला आता दिसत नाही, तेव्हा हे तुझी सून वाचून दाखवत असेल. हर्षा बेटा, तुझं माझं काही भांडण नाही. जे लिहिलं आहे ते जसंच्या तसं वाच. सासऱ्याची दया येऊन मधलं गाळू नकोस.

बकाराम, तू माझी बदनामी करतो आहेस. पंक्चरवाला जागेश्वर तुला भेटून आला आणि तिथून सरळ माझ्या दारात आला. तू त्याला म्हणालास, "ग्यानीरामनं मले डिझेल म्हनून जहर देल्लं." जागेश्वरच्या दुकानी दिवसाला पन्नास ड्रायव्हर थांबतात. आता देवरीपासून साकोलीपर्यंत मी जहर देणारा झालो.

मी दिलं? तुझ्या तोंडाला मी पाइप लावला?

तुझ्या डोक्यात गाळ साचला असेल, म्हणून क्रमाने सांगतो. आपण दोघं अठरा-एकोणीस वर्षं एका गाडीवर होतो. २००६ साली संबलपूरच्या अलीकडे तू पिऊन चाक हातात घेतलंस. मी मागच्या फळीवर झोपलो होतो. गाडी पलटली, तुझं नखही मोडलं नाही आणि माझा डावा पाय दोन इंच आखूड झाला. त्या दिवशी तू दारू सोडलीस आणि मी तुला सोडलं. सतरा वर्षं मी कोहमाऱ्याच्या चौकात एसटीतून उतरलो नाही, तू दिसशील म्हणून.

मग गेल्या साली फेब्रुवारीत त्या ढाब्यावर तू समोर येऊन बसलास. विचारलं नाहीस, बसलास. आणि तोंड उघडलंस ते माफीसाठी नाही. म्हणालास, "ग्यानी, करंजीच्या तेलावर इंजिन चालते म्हनतेत. तुह्या शेतात करंजीचे बारा झाडं आहेत नं?" सतरा वर्षांनी माणूस हे विचारतो. मला राग यायला हवा होता. मी चहा सांगितला, ही माझी पहिली चूक.

पुढचं तुला ठाऊक आहे, पण हर्षाला नसेल. करंजीच्या बिया गोळा केल्या, घाण्यावर तेल काढलं. ते तेल तापवायचं, त्यात मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा घालून ढवळायचं, मग एक दिवस ठेवायचं. खाली काळा चिकट गाळ बसतो आणि वर पातळ तेल राहतं. त्यावर डिझेलचं इंजिन चालतं. पहिल्या दोन घाण्यांचा साबण झाला, कारण तू कॉस्टिक मूठभर टाकायचास, वरणात मीठ टाकल्यासारखं. रुक्माने त्या साबणाने पोती धुतली. पाचव्या घाण्यावर माझं पाण्याचं इंजिन चाललं आणि तू शेतात फुगडी घातलीस, साठ वर्षांचा घोडा. आठव्यावर तुझी टाटा चारशे सात गाडी चालली, गोरेगाव ते कोहमारा आणि परत. धुराला वड्याच्या कढईचा वास येत होता. ते सगळं खरं आहे आणि मी नाकारत नाही.

पण मिथेनॉल हे जहर आहे हे दुकानदाराने आपल्या दोघांना सांगितलं होतं. ड्रमवर कवटीचं चित्र होतं. आणि डिझेल काढायला मी मुद्दाम हातपंप आणून भिंतीला टांगला होता. तरी तू पाइप तोंडाला लावून ओढलास. चाळीस वर्षांची सवय. त्या दिवशी, १८ नोव्हेंबरला, मी बांधावर होतो. परत आलो तेव्हा तू खाटेवर पडला होतास. ह्यात माझा काय दोष?

गोंदियाच्या दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, पेशंट दारू पितो का. मी म्हणालो, "पहले बहुत पीता था." ह्यात खोटं काय? पूर्वी तू पीत नव्हतास? भूपेंद्र शेजारी उभा होता. त्याने त्याचा अर्थ काय घ्यायचा तो घेतला.

तुझी गाडी माझ्या अंगणात उभी आहे. कोणाला तरी पाठव आणि घेऊन जा. आणि जागेश्वरला बोलावून सांग की तू बोललास ते चूक होतं.

कळावे.
तुझा कोणी नसलेला,
ग्यानीराम कटरे

---

गोरेगाव
२२ डिसेंबर २०२४

बकाराम,

तब्येत विचारत नाही. जागेश्वरकडून कळत असते.

परवा तुझा मुलगा गाडी न्यायला आला. न्यायची तर न्यावी. अंगणात उभं राहून रुक्माला म्हणाला, "तुमच्या घरी माह्या बापाले दारू भेटली." रुक्मा पस्तीस वर्षांत माझ्यावरसुद्धा ओरडली नाही, ती आत जाऊन रडली. माझ्या घरी दारू? माझ्या देवघरात गेल्या तीन पिढ्या कोणी बाटली पाहिली नाही. हे तू तुझ्या पोराला शिकवलं नाहीस का? की शिकवायला आता तोंड राहिलं नाही?

तुझ्या पोराची अक्कल मात्र तुझ्यापेक्षा बरी निघाली. तुला दवाखान्यात नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तो पडवीत आला होता. तू त्याला सांगितलं होतंस की पिवळ्या कॅनमधून डिझेल ओढलं. त्याने पिवळी कॅन उघडली, हातावर ओतून घेतली, बोटांनी चोळून पाहिली. डिझेल. डिझेलने कोणाचे डोळे जात नाहीत. आणि कोठीत मिथेनॉलच्या ड्रमचं झाकण ढिलं होतं. त्याने जे समजायचं ते समजलं, की जुन्या बेवड्याला स्पिरिटचा ड्रम दिसला आणि अठरा वर्षांची शपथ एका घोटात गेली. मी त्याला तसं सांगितलेलं नाही. मी एक शब्द बोललो नाही.

तू हे उलटं फिरवायला बघतो आहेस. आपल्या ड्रायव्हरी भाषेत तू मला नाव ठेवतो आहेस, हे मला कळतं. जागेश्वरला तू म्हणालास की गाडीवर पिवळी कॅन डिझेलची आणि पांढरी पाण्याची, हे आपल्यात कधी विचारावं लागलं नाही. अंधारात हात घातला तरी चालायचं. हो, चालायचं. आणि चाक दुसऱ्याच्या हाती देताना गाडीत जे काही बदललं असेल ते सांगितल्याशिवाय खाली उतरायचं नाही, हाही आपलाच नियम होता. संबलपूरला तू किती पिऊन बसला आहेस हे मला सांगितलं होतंस का? मग आता नियम कोणाला शिकवतोस?

आणि पायाच्या बदल्यात डोळे, असं काही मी मनात धरलेलं नाही. कोणी तसं म्हणत असेल तर त्याचं तोंड काळं. मी हे लिहायला नको होतं, पण लिहिलं. खोडणार नाही.

शकुंतलावहिनी चिचगडला भावाकडे निघून गेल्याचं ऐकलं. बाईने तुला सोडलं त्याचं खापर माझ्यावर फोडू नकोस. दारुड्याशी संसार केला, मग शपथ घेतलेल्या माणसाशी केला, आता पुन्हा दारुडा नको म्हणाली, तिचं काय चुकलं. तिच्या जागी मी असतो तर मीही गेलो असतो.

तुझं काय चुकलं ते मी सांगतो. तू घाई केलीस. तू दुपारी येतो म्हणून सकाळी आलास. आल्या आल्या पाइप काढलास. हातपंप डोक्यावर टांगलेला, तुला दिसला नाही, तेव्हा डोळे चांगले होते तरी. पाइप ओढलास, खोकलास, आणि वर तोंड करून हसत म्हणालास, "ग्यानी, हे तं बहुतच पातर हाये बे," आणि उरलेलं थुंकायच्या ऐवजी गिळलंस. करोनात नाक गेलेल्या माणसाने तोंडाने पाइप ओढूच नये. वास येत नाही तर जीभ तरी सांभाळावी.

आता पुन्हा पत्र लिहिणार नाही. गाडी गेली, आपला संबंध गेला. बारा झाडांवरच्या करंजीच्या शेंगा मी यंदा कोणाला वेचू देणार नाही, तिथेच कुजू देत.

ग्यानीराम

---

कोहमारा
४ जानेवारी २०२५

ग्यानीराम,

(काका, बाबा बोलतात तसं मी लिहीत आहे. चुकलं तर माझं. — हर्षा)

तुहे दोन्ही कागद हर्षानं वाचून दाखवले. पहिला एकदा. दुसरा मी तीन खेप वाचायले लावला. तिले वाटलं मी रडून राहिलो म्हनून पुन्हा पुन्हा आयकतो. मी रडून नाही राहिलो. डोरे गेले तं कान लागले, एवढंच.

पहिल्या कागदात तू लिवला का तू बांधावर होता. दुसऱ्या कागदात तू लिवला का मी पाइप ओढला, खोकललो, हासलो, आन 'बहुतच पातर हाये' म्हनलो. हे मी कोनाले सांगतलंच नाही. भूपेंद्रले नाही, डॉक्टरले नाही, जागेश्वरले नाही. मले आठवतच नव्हतं. तुह्या कागदानं आठवलं.

तू बांधावर होता तं तुले कसं मालूम?

माह्या घरात मी आता दारुडा. भूपेंद्र जेवन ठेवते आन बाहेर जाते. नातीनले माह्या खाटेजवर येऊ देत नाहीत. शकुंतला जाताना बोलली नाही, तिच्या चपलीचा आवाज आयकला फक्त. मी म्हनलो पिवऱ्या कॅनमंदी होतं, तं भूपेंद्र म्हनते, मी पाह्यलो, डिझेल होतं. मंग मले बी वाटे का मीच येडा झालो. का मीच ड्रमाजवर गेलो असन आन इसरलो असन. अठरा साल झाले, पन दारुड्याचा काय भरोसा. असं मी सोतालेच म्हनून राहिलो महिनाभर.

पाय तुहा मी तोडला. ते मी नाही म्हनत नाही. त्याच्यासाठी तू मले शिव्या दे, मी आयकीन.

एकच गोष्ट पुसतो. पिवऱ्या कॅनमंदी काय होतं? तेवढं लिव. बाकी काही लिवू नोको.

बकाराम

---

गोरेगाव
१३ जानेवारी २०२५

बकाराम,

मिथेनॉल होतं.

तू तेवढंच लिही म्हणालास. पण तेवढ्याने तुझ्या घरातलं कोणी ऐकणार नाही, म्हणून सगळं लिहितो. हर्षा बेटा, हे पत्र इथे थांबव. भूपेंद्रला बोलाव, समोर बसव, आणि मग पुढे वाच. मोठ्याने वाच. तो उठून जाईल तर मागून जाऊन वाच.

भूपेंद्र, ऐक.

एरवी मिथेनॉल ज्या पांढऱ्या कॅनमध्ये काढायचो, तिच्या बुडाला चीर गेली होती. १८ तारखेला दुपारी तुझा बाप येणार आणि आम्ही नववा घाणा लावणार होतो. दुसऱ्या दिवशी राइस मिलचे हेमेंद्रभाऊ आमचं तेल बघायला येणार होते. पसंत पडलं तर त्यांची एक गाडी आमच्या तेलावर चालवून बघायचं कबूल केलं होतं. माझ्या आयुष्यात कोणी मोठा माणूस माझं काम बघायला आला नव्हता. मला सगळं आधीच मांडून ठेवायचं होतं. ड्रममधून दहा लिटर मिथेनॉल काढायचं होतं आणि दुसरं भांडं नव्हतं. मी पिवळी कॅन रिकामी केली आणि तीत ते भरलं. पडवीत, नेहमीच्या जागी ठेवली. वर चिठ्ठी लावली नाही. चुना लावून खूणही केली नाही. दुपारपर्यंत कोण येतं, असं म्हणून मी बिडी पेटवली.

तो सकाळी आला. गाडीत डिझेल कमी होतं. त्याने नेहमीसारखा पाइप घेतला आणि पिवळ्या कॅनमध्ये सोडला. मी बांधावर नव्हतो, बकाराम. मी पडवीच्या खांबाला टेकून उभा होतो, तुझ्यापासून दोन हातांवर. तू पाइप तोंडाला लावलास तेव्हा मी बघत होतो आणि माझ्या लक्षात आलं नाही. डिझेल जड असतं, ओढायला दम लागतो, हे तुझ्या छातीला ठाऊक होतं. तू तेवढा दम लावलास. हे पाण्यासारखं पातळ, एकदम घशाखाली उतरलं. तू खोकलास, हसलास, ते वाक्य बोललास. तेव्हा मला कळलं.

आता जे लिहितो ते तुझं पत्र येईपर्यंत मी रुक्मालाही सांगितलं नव्हतं.

मी तुला सांगितलं नाही. चाक हाती देताना बदल सांगायचा, आणि माझ्या तोंडाशी शब्द आला होता. पण तू हसत होतास. मला वाटलं, आता सांगितलं तर हा बोंबलेल, संबलपूरचं उलटं माझ्यावर काढेल, गाव गोळा होईल, उद्या हेमेंद्रभाऊ येणार नाहीत. मी म्हणालो, "जुनं डिझेल असन. चूर भर, गूर खा." तू गूळ खाल्लास. दुकानदाराचं बोलणं माझ्या कानात होतं, घोटभर गेलं तरी डोळे जातात, तासाभरात दवाखाना गाठावा लागतो. मी घड्याळ बघत होतो. तासाभराने तू बरा दिसलास. म्हटलं, काही नाही, थोडंच गेलं. दोन तासांनी तू म्हणालास डोकं जड आहे, आणि खाटेवर पडलास. मी पांघरूण घातलं. एवढी माझी हिंमत.

तू झोपलास तेव्हा मी पिवळी कॅन उचलली, मिथेनॉल परत ड्रममध्ये ओतलं, कॅन पुसली आणि डिझेल भरून जागेवर ठेवली. त्या वेळी मी मनाला सांगितलं की पुन्हा कोणी तोंड लावू नये म्हणून करतो आहे. घाईत ड्रमचं झाकण नीट बसलं नाही. भूपेंद्र, तू जे ढिलं झाकण पाहिलंस ते तुझ्या बापाने उघडलेलं नव्हतं. तू हातावर घेऊन चोळलंस ते डिझेल मी भरलेलं होतं. तू चोळत होतास आणि मी खांबाला टेकून बघत होतो. त्या खांबाला टेकून मी दोनदा गप्प राहिलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे तू म्हणालास की डोळ्यांपुढे धुकं आहे, तेव्हा कुठे भूपेंद्रला फोन केला. अठरा तास मी घालवले. हेमेंद्रभाऊ आले नाहीत, हे सांगून ठेवतो. मिलमध्ये काही काम निघालं म्हणाले.

दवाखान्यात "पहले बहुत पीता था" म्हणालो तेव्हा मला ठाऊक होतं मी काय करतो आहे. खरं वाक्य होतं, आणि त्याने जेवढं काम केलं तेवढं खोट्याने केलं नसतं. तुझ्या मुलाचं तोंड मी बघितलं. लहानपणी तुझी गाडी आली की तो दारामागे लपायचा ना, तसं तोंड झालं त्याचं. तुझी अठरा वर्षं मी तिथे एका वाक्यात पुसून टाकली.

का, ते विचारशील. भीती होती हे एक. दुसरंही होतं, आणि ते मी मागच्या पत्रात लिहून गेलो आणि खोडलं नाही. हा पाय सकाळी उठताना अजून ठणकतो. तू दारू सोडलीस, लोक तुला हात जोडायला लागले, कोहमाऱ्यात पोरांना तुझं उदाहरण देतात, आणि मी लंगडा तो लंगडाच. तुझं नाव पुन्हा बेवड्यात गेलं तेव्हा मला कुठेतरी बरं वाटलं. हे वाचून तू थुंकशील. थुंक.

तरी सांगतो, तू पाइप ओढायला नको होतास. हातपंप होता. हा राग माझा जात नाही आणि मी तो नाहीसा झाल्याचं नाटक करणार नाही. पण पाइप ओढणं ही सवय आहे, आणि मी केलं ते सवयीने झालेलं नाही.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी चिचगडला गेलो. देवरीहून पुढची एसटी दीड तास उभी होती, हा पाय घेऊन मी स्टँडवर उभा राहिलो. शकुंतलावहिनी भावाच्या अंगणात मोहफुलांची पोती झाडत होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांनी पोतं खाली ठेवलं नाही. सांगून झालं तरी झाडत होत्या. मग म्हणाल्या, "अठरा साल मी त्याच्या तोंडाचा वास घेत आली. रोज. घरी आला का पयले जवर जायची. तो बी तोंड पुढं करे, गपचूप, लेकरासारखा. त्या दिवशी दवाखान्यात मी जवर गेलीच नाही. तुहं आयकलं."

मी म्हणालो, "वहिनी, घरी चला, मी तुमच्यासमोर त्याला सांगतो." त्या म्हणाल्या, "तुह्यासंग मी कोठंच येत नाही." पुढे म्हणाल्या, "कागदावर लिव. सही कर. तुहं अक्षर मी ओरखते. गुवाहाटीवरून 'तुझी आठवण येते' लिवत होता तू, ते त्याचं नसे, मले मालूम होतं. आता एक खरं लिव."

म्हणून हे पत्र मी तीनदा लिहिलं आहे. एक तुला. एक वहिनींना, आजच टपालात टाकलं. तिसरं घेऊन मी उद्या सकाळी ठाण्यात जाणार आहे. रुक्मा सोबत येते म्हणाली, मी नको म्हणालो, ती ऐकणार नाही. ठाणेदार काय करेल ते करेल. भूपेंद्रला तिथून फोन येईल तेव्हा त्याने जावं आणि बापाने जे जे सांगितलं होतं ते सगळं लिहून द्यावं. आता ते खोटं ठरणार नाही.

वहिनी परत येतील की नाही, ते मला सांगितलं नाही. विचारायची माझी लायकी नव्हती. आल्या तर तू तोंड पुढे करशीलच.

मला माफ कर असं मी लिहिणार नाही. तू करशीलही, तुझा स्वभाव तसा बावळट आहे, आणि मग मला तेही सहन करावं लागेल. करू नकोस. मला भेटायलाही बोलावू नकोस. शिव्या द्यायच्या असतील तर हर्षाकडून लिहून पाठव, मी पूर्ण वाचीन.

भूपेंद्र, तू अजून बसला असशील तर उठ आणि नातींना आजोबाच्या खाटेजवळ आण. आत्ता, हे वाचून संपायच्या आत. बाकी जे काही करायचं ते मागून कर.

१८ नोव्हेंबरच्या सकाळी बकाराम लहानू शिवणकर याने दारूचा थेंबही घेतला नव्हता, हे दोन हातांवरून डोळ्यांनी पाहिलेला,

ग्यानीराम टेकचंद कटरे